केटल ग्रिल घेताना: एक बाजू भरताची, एक बाजू पोपटीची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोत कोलंबसजवळ नुकतंच टाउनहाउस घेतलंय, मागे लाकडी डेक आणि थोडी हिरवळ आहे. घरात चौघं, पण शनिवार-रविवारी आठ-दहा माणसं जेवायला असतात, त्यातली निम्मी शाकाहारी. कोळशाचं केटल ग्रिल घ्यायचंय. १८ इंची घ्यावं की २२ इंची, साधं की प्रीमियम, आणि सोबत २५ नगांचा अवजारांचा सेट मिळतोय तो घ्यावा का? सगळं मिळून ३०० डॉलरपर्यंत खर्चायची तयारी आहे.

आधी थेट उत्तर देतो. २२ इंची घ्या. डेकवर किंवा डेकच्या आसपास ठेवणार असाल तर राखेचा बंद डबा असलेलंच घ्या. २५ नगांचा सेट घेऊ नका. ते पैसे कोळसा पेटवायची चिमणी, एक चांगला थर्मामीटर, लांब चिमटा आणि एक जास्तीची जाळी यांवर घाला. ती जास्तीची जाळी तुमच्या निम्म्या पाहुण्यांसाठी फार महत्त्वाची आहे, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

मी मूळचा पेणकडचा. शिकागोच्या पश्चिमेच्या उपनगरात येऊन १८ वर्षं झाली, त्यातली १६ वर्षं केटलवर भाजतोय. घरी एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत जवळजवळ दर आठवड्याला, आणि मंडळाच्या उन्हाळी सहलीला तीन केटल शेजारी लावून शंभरेक माणसांसाठी.

तुम्ही इंच आणि मॉडेल विचारलंत, पण मला वाटतं आधी हे ठरायला हवं की त्या भांड्यात धग कशी वापरायची. ते कळलं की किती इंची घ्यायचं आणि सोबत काय घ्यायचं, हे बरंचसं आपोआप ठरतं.

केटल म्हणजे झाकण असलेली शेगडी, असं आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. शेगडीवर आपण निखारे सगळीकडे सारखे पसरतो, वर जाळी ठेवतो आणि पुठ्ठ्याने वारा घालतो. कणसाला, पापडाला, सुक्या बोंबलाला ते अगदी बरोबर आहे, कारण ते पाच-दहा मिनिटांत होतं. पहिल्या उन्हाळ्यात मी दह्यात मुरवलेल्या कोंबडीच्या तंगड्या तशाच भाजल्या. दहा मिनिटांत वरून काळ्या झाल्या, म्हणून ताटात वाढल्या. पहिल्याच पाहुण्याने तंगडी मोडली तर हाडाजवळ मांस कच्चं. सगळ्या तंगड्या परत ओव्हनमध्ये गेल्या आणि लोक पाऊण तास थांबले. झाकण मी गवतावर ठेवून दिलं होतं, आणि जाळीखाली निखारा नाही अशी जागाच कुठे ठेवली नव्हती.

त्या रात्री मला आमची पोपटी आठवली. रायगडच्या लोकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालतात, त्यावर शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्यानेच गच्च बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. आतल्या कोंबडीला ज्वाळ एकदाही लागत नाही. कोंडलेली धग तिला चहूबाजूंनी शिजवते. भरताच्या वांग्याचं याच्या अगदी उलट. ते थेट विस्तवावर जातं, साल करपते, आणि त्या करपण्यातच त्याची चव आहे.

केटलमध्ये ही दोन्ही कामं एका भांड्यात होतात. पेटलेला कोळसा सगळा एका बाजूला लोटा, ती भरताची बाजू. दुसरी बाजू रिकामी सोडा आणि झाकण लावा, ती पोपटीची बाजू. जाड, हाडाचं मांस आधी पोपटीच्या बाजूला शिजतं आणि शेवटची चार मिनिटं भरताच्या बाजूला येऊन रंग घेतं. अमेरिकन लोक याला टू-झोन म्हणतात. यापुढचा माझा सगळा सल्ला या दोन बाजूंवर उभा आहे.

ग्रिलचा हा आकारही झाकणाच्या गरजेतूनच आला. शिकागोत वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स नावाचा कारखाना होता, तिथे जॉर्ज स्टीफन नोकरीला होते. घरी १२ मुलं, त्यामुळे परसातल्या चुलीवर भाजणं नेहमीचं. उघड्या चुलीवरच्या वाऱ्याला, राखेला आणि भडक्याला ते कंटाळले होते. कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी बोया बनत. १९५२ मध्ये त्यांनी तसा एक गोल मधोमध कापून घेतला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्याला मूठ. आजची केटल त्याहून फार वेगळी नाही.

आता इंचांकडे येऊ. २२ इंचीची जाळी ३६३ चौरस इंच आहे, १८ इंचीची २४० च्या आसपास. नुसते आकडे पाहिले तर १८ इंची चौघांना पुरेल असं वाटतं. पण पोपटीची बाजू म्हणजे अर्धी जाळी. २२ इंचीत तुम्हाला १८० चौरस इंच मिळतात, त्यात दहा-बारा तंगड्या सुट्या-सुट्या बसतात. १८ इंचीत १२० मिळतात, तिथे सहा-सातवर थांबावं लागतं. शिवाय निखारे मांसाच्या इतके जवळ येतात की कडेचे तुकडे करपतातच. दोघंच असाल, किंवा ग्रिल गाडीत टाकून तळ्याकाठी न्यायचं असेल, तर १८ इंची छान आहे. तुमच्याकडे आठ-दहा माणसं आहेत, तेव्हा तो विचार सोडा. २६ इंचीचा मोह होईल; माझा अनुभव असा की चौघांच्या रोजच्या भाजण्याला त्यात उगाच जास्त कोळसा जातो. आणखी एक गोष्ट, बाजारात मिळणाऱ्या जोडवस्तू बहुतेक २२ इंचीच्या मापाच्या असतात.

साधं की प्रीमियम, हे मात्र तुमच्या जागेवर अवलंबून आहे. वेबरच्या साध्या ओरिजिनल केटलला खाली ॲल्युमिनियमची उघडी थाळी असते, राख तिच्यात पडते. फरसबंदी अंगणात मी तीच घेईन आणि उरलेले पैसे वाचवीन. लाकडी डेकवर नाही. वाऱ्याची एक झुळूक त्या थाळीतली राख उडवते, आणि राखेत कधीकधी वाटाण्याएवढा जिवंत निखारा असतो. प्रीमियमला बंद डबा आहे, राख त्यातच राहते आणि दांडी धरून डबा काढता येतो. दुसरा फायदा बिजागरीच्या जाळीचा. जाळीच्या दोन कडा वर उचलल्या जातात, त्यामुळे वरचं अन्न न हलवता खाली कोळसा घालता येतो. एका वेळी दोन-दोन घाणे काढणाऱ्या माणसाला याची किंमत लगेच कळते. वेबरच्याच मास्टर-टच मॉडेलमध्ये याशिवाय झाकण अडकवायची कडी आणि कोळशाच्या दोन टोपल्या येतात. चांगलं आहे, पण तुमच्या ३०० डॉलरांतला बराच भाग तिथेच संपेल. टेबल जोडलेलं परफॉर्मर सुंदर आहे, मी दोन वर्षं वापरलंय, तरी पहिल्या खरेदीत त्याची गरज नाही. नेपोलियन आणि एसएनएस या कंपन्यांच्याही २२ इंची केटल चांगल्या असतात. सवलतीत मिळाली तर नाव पाहून नाकारू नका.

स्वस्तातली केटल घेऊ नका, असं मी कळकळीने सांगतो. माझी पहिली एका मोठ्या दुकानातून घेतलेली बिननावाची होती. दोन हिवाळ्यांत तिचा तळ गंजून पोखरला. चांगल्या केटलच्या पत्र्यावर काचेसारखा एनॅमल भट्टीत भाजून बसवलेला असतो. आजोळी निळ्या काठाची पांढरी ताटं असायची, तसलाच तो मुलामा. तो गंजू देत नाही, पण आपटला तर टवका उडतो, आणि मग गंज तिथूनच धरतो. स्वस्तातल्यांवर नुसता रंग असतो. दुकानात झाकण लावून चारही बाजूंनी फिरवून बघा, कुठे फट दिसते का. खालच्या झडपांची दांडी हलवा. ती सैल खुळखुळत असेल तर हवा तुमच्या ताब्यात राहणार नाही.

हवा ताब्यात राहणं हेच या भांड्याचं वैशिष्ट्य, म्हणून दोन वाक्यं त्यावर. खालच्या झडपांतून हवा आत जाते, वरच्या झडपेतून धूर बाहेर पडतो. वरची नेहमी उघडी ठेवा, कमीत कमी अर्धी. ती बंद केली की धूर आत कोंडतो आणि कोंबडीला काजळीची कडवट चव येते. धग कमी-जास्त करायची ती खालच्या दांडीने. बदल जाणवायला पाच-दहा मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा आणि सारखं झाकण उघडून बघू नका. झाकण लावताना वरची झडप पोपटीच्या बाजूला, म्हणजे मांसाच्या वर येईल असं लावा. मग गरम हवा निखाऱ्यांवरून निघून मांसावरून ओढली जाते.

जुनी केटल मिळाली तर आनंदाने घ्या. लोक घर बदलताना अगदी थोड्या पैशांत देऊन टाकतात, आणि वीस-वीस वर्षं जुन्या केटल मी नीट चालताना पाहिल्या आहेत. झाकण बसतं का, तळाला भोक नाही ना, झडपांची पाती शाबूत आहेत का, पाय सॉकेटमध्ये घट्ट आहेत का, एवढं बघा. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटत असतील तर घाबरू नका. तो रंग नव्हे, जळालेल्या चरबीचा आणि धुराचा थर आहे, खरवडला की निघतो. जाळ्या गंजल्या असतील तर नव्या मिळतात. पैसे वाचवायचा हा सर्वांत चांगला मार्ग आहे. नवीनच घ्यायची तर सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुमारास, भाव खाली येतात.

आता जोडवस्तू. त्या २५ नगांच्या सेटमध्ये काय असतं ते बघा: कणसाला दोन्हीकडून टोचायचे काटे, तेल लावायचा ब्रश, छोटी सुरी, आखूड सळ्या, तारांचा ब्रश, एक पेटी. यातल्या तारांच्या ब्रशबद्दल गंभीरपणे सांगतो. त्याची तार सुटून जाळीला चिकटते, तिथून अन्नात आणि अन्नातून घशात किंवा आतड्यात जाते. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स इथल्या अशा रुग्णांची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, २०१२ मध्ये प्रसिद्ध केली होती. घरात लहान मुलं असतील तर तो ब्रश घरात येऊच देऊ नका. जाळी कडकडीत तापवा, ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा चिमट्यात धरून घासा, मग अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा. मी कित्येक वर्षं एवढंच करतोय.

पहिली खरी गरज चिमणीची. लोखंडी नळकांडं, एका बाजूला मूठ, आत खालच्या बाजूला जाळी. वर कोळसा भरायचा, खाली तेलाचं बोट लावलेले दोन कागद चुरगळून पेटवायचे. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर पांढरी राख धरते, की ओता. मोठी चिमणीच घ्या, तिच्यात ८० ते १०० ब्रिकेट बसतात. पेटवायचं रॉकेलसारखं द्रव, म्हणजे लायटर फ्लुइड, आणि ते आधीच मुरवलेला 'मॅच लाइट' प्रकारचा कोळसा या दोन्हींपासून लांब राहा. पनीर आणि मासा तो वास लगेच ओढून घेतात.

कोळशात दोन जाती. ब्रिकेट म्हणजे भुकटी दाबून केलेल्या वड्या. त्या सारख्या आकाराच्या असतात, त्यामुळे सारख्या जळतात आणि मोजून घालता येतात. गंमत म्हणजे या वड्या अमेरिकेत घरोघरी पोचल्या त्या मोटारींमुळे. हेन्री फोर्ड यांच्या मिशिगनमधल्या लाकूड कारखान्यात उरणाऱ्या लाकडाच्या तुकड्यांपासून १९२० च्या दशकात त्या बनू लागल्या, आणि पुढे त्याच व्यवसायाला किंग्जफोर्ड हे नाव मिळालं. दुसरी जात अख्ख्या लाकडाच्या कोळशाची, लंप. तो आपल्या शेगडीतल्या कोळशाच्या जवळचा. लवकर पेटतो, धग जोरदार, राख कमी, पण तुकडे लहानमोठे असल्यामुळे धग सारखी राहत नाही, आणि मेस्किट लाकडाचा असेल तर ठिणग्या उडतात. तुम्ही पहिले तीन-चार महिने ब्रिकेटच वापरा. अर्धी चिमणी म्हणजे किती धग, पूर्ण म्हणजे किती, याचा हात बसू द्या. माझ्या २२ इंचीत अर्धी चिमणी एका बाजूला लोटली की झाकणाखाली ३०० ते ३५० अंश फॅरनहाइट मिळतात. पूर्ण चिमणीला ४०० च्या वर जातं. तुमच्याकडे वाऱ्यावर आणि थंडीवर हे थोडं बदलेल.

दुसरी गरज थर्मामीटरची. मांसात टोचून दोन-तीन सेकंदांत आकडा दाखवणारा घ्या. झाकणावर जो घड्याळासारखा तापमापक असतो त्यावर विसंबू नका. तो वरची हवा मोजतो, आणि माझ्याकडे त्याच्यात आणि जाळीवरच्या धगीत ५०-६० अंशांचा फरक पडतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीला आत १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, ही मर्यादा घालून दिली आहे. खिम्याच्या सीखेला १६० आणि मटणाच्या चापांना १४५, वर तीन मिनिटं विसावा. तंगडी मात्र मी १६५ ला काढत नाही. पायाचं मांस १७५-१८० ला गेलं की हाडापासून सुटतं आणि वातड लागत नाही. आपल्याकडे रंग बघून, रस बघून ठरवायची सवय आहे, पण दही-हळद-तिखट लावलेल्या मांसाचा रंग काही सांगत नाही. मी पहिल्या उन्हाळ्यात रंगच बघत होतो.

आता ती दुसरी जाळी. शाकाहारी पाहुण्यांना आपण म्हणतो, "तुमचं वेगळ्या कोपऱ्यात भाजलंय." ते मान हलवतात आणि पापड खाऊन निघून जातात. हे मी वर्षानुवर्षं मंडळाच्या सहलीत पाहिलं, आणि मग माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या तेव्हा घरातच पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या दहीभात घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी मी २२ इंची नवी जाळी आणली, तिच्या दांड्याला हिरवी तार गुंडाळली, आणि हिरव्या मुठीचा चिमटाही आणला. तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. निखारे ताजे, केटल साफ, आधी हिरवी जाळी. कणसं, पनीर, ढोबळी मिरची, रताळी, वांगी सगळी निघतात आणि शाकाहारी माणसं आधी गरमागरम जेवायला बसतात. मग ती जाळी उचलून दुसरी ठेवायची आणि मांस चढवायचं. सासूबाईंनी त्या उन्हाळ्यात रताळी स्वतः उभं राहून भाजली. एक जाळी काही फार महाग नसते. कुणाला त्याच भांड्यातली धगही चालत नसेल तर तेही समजून घ्या. अशा घरासाठी १४ इंची छोटी स्मोकी जो वेगळी ठेवणं हा सरळ उपाय आहे. मंडळात आमच्या तीन केटलपैकी एक फक्त शाकाहारी असते, तिच्यावर कधीही दुसरं काही चढत नाही, आणि हे आम्ही पाटी लावून सांगतो.

याच ओघात पदार्थांबद्दल थोडं, कारण त्यावर बाकीच्या वस्तू ठरतात. इथलं स्वीट कॉर्न आपल्या देशी कणसासारखं नाही. ते इतकं कोवळं आणि गोड असतं की जोरदार निखाऱ्यावर आठ-दहा मिनिटं पुरे, त्याहून जास्त ठेवलं तर दाणे सुरकुततात. पनीरचे तुकडे जाड, निदान इंचभर कापा, जाळी चांगली तापू द्या, मगच ठेवा. जाळी थंड असली की चिकटतं आणि उलटताना तुटतं. इथली मोठी काळी वांगी जाड सालीची असतात. चार ठिकाणी सुरीने टोचा, नाहीतर फुटतात, आणि झाकण लावून अर्धा तास द्या. दह्यात मुरवलेली कोंबडी सुरुवातीला कधीच थेट निखाऱ्यावर ठेवू नका, दही आधी करपतं. पोपटीच्या बाजूला ३५० अंशांना पाऊण तासाच्या आसपास लागतो, मग निखाऱ्यावर रंग द्यायचा, शेवटी लोणी लावायचं.

सीख कबाब करायचे असतील तर चपट्या, रुंद सळ्या घ्या. गोल सळी फिरवली की खिमा जागच्या जागी राहतो आणि नुसती सळी फिरते. दोन विटा फॉइलमध्ये गुंडाळून जाळीवर समोरासमोर ठेवा आणि सळ्यांची टोकं त्यांवर टेकवा. खिमा अधांतरी राहतो, जाळीला चिकटत नाही. विटा दुकानात विकत घ्यायच्या जोडवस्तूंत येत नाहीत, पण माझ्याकडे सर्वांत जास्त वापरल्या जातात त्या त्याच.

बाकीचं पटकन. कोपरापर्यंत येणारे उष्णतारोधक हातमोजे घ्या. कोळशाच्या टोपल्या सोयीच्या आहेत, पण दोन विटांनीही कोळसा एका बाजूला राहतो. फॉइलचा उथळ ट्रे पोपटीच्या बाजूला खाली ठेवलात तर टपकणारी चरबी त्यात पडते आणि सफाई निम्मी होते. आच्छादन हिवाळ्याआधी घ्या. धुरासाठी सफरचंदाच्या किंवा चेरीच्या लाकडाचा मुठीएवढा एक तुकडा पुरतो. हिकरी आपल्या मसाल्यांवर कुरघोडी करतं. फिरती सळई, पिझ्झाची कडी वगैरे एक वर्षभर विसरा. वर्षभरात तुम्हाला स्वतःलाच कळेल काय हवंय.

आता सुरक्षिततेचं, आणि हे खरेदीच्या आधी करायचं आहे. टाउनहाउसच्या असोसिएशनची नियमावली काढून वाचा. कित्येक ठिकाणी डेकवर कोळसा पेटवायला सरळ मनाई असते, किंवा इमारतीपासून १० फूट अंतराची अट असते. परवानगी असली तरी माझा आग्रह आहे की केटल हिरवळीवर फरशीचे चार तुकडे टाकून त्यांवर ठेवा, डेकवर नको. घराच्या भिंतीवरचं व्हायनिल साइडिंग पेट घेण्याच्या कितीतरी आधी नुसत्या झळीने वाकतं आणि वितळतं. पाऊस आला म्हणून गॅरेजमध्ये तर कधीच नेऊ नका, दार उघडं ठेवूनही नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि विझत आलेला कोळसाही तो सोडत राहतो.

राख पूर्ण थंड होऊ द्या. मी झाकण आणि झडपा बंद करून दोन दिवस तशीच ठेवतो, मग झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत काढतो. प्लास्टिकच्या कचरापेटीत दुसऱ्याच दिवशी राख टाकल्यामुळे आमच्या गल्लीत एकदा पेटी वितळली आणि कुंपणाला आग लागली होती. थंड झाल्यावर मात्र राख फार दिवस केटलमध्येही ठेवू नका, दमट राख पत्रा खाते.

पहिल्या दिवशी पाहुणे बोलावू नका. घरच्या चौघांसाठी आठ तंगड्या आणि चार कणसं घ्या. पाऊण चिमणी ब्रिकेट पेटवा, एका बाजूला लोटा, जाळी दहा मिनिटं तापवा. आधी कणसं. मग जाळी बदलून तंगड्या रिकाम्या बाजूला, झाकण, खालच्या झडपा अर्ध्या. अर्ध्या तासाने एकदाच उघडून जागा बदला, थर्मामीटर १७० दाखवू लागला की निखाऱ्यावर आणा. कच्चं मांस आणलेलं ताट आत पाठवा आणि भाजलेलं दुसऱ्या ताटात काढा. कुठे चुकलं तर आकडे लिहून ठेवा: किती कोळसा, झडप किती, वेळ किती. त्यांवरून पुढच्या वेळी नेमकं सांगता येईल.

आणि एक वांगं आणून ठेवा. तंगड्या निघाल्यावर बरेच निखारे शिल्लक असतात. त्यांच्यावर हिरवी जाळी ठेवून ते वांगं भाजायला घाला, झाकण लावा आणि जेवायला बसा. जेवण होईपर्यंत ते मऊ पडलेलं असेल. ते काढून झाकून ठेवा आणि मग खालच्या-वरच्या दोन्ही झडपा पूर्ण बंद करा. कोळसा हवेवाचून विझेल आणि उरलेला पुढच्या वेळी चिमणीत तळाला घालता येईल.